बँकेच्या कामाला मुंबई गाठायची? आधी पिनकोड वाचा

नांदेड, लातूर, बीड, परभणीकडून बँकेच्या कामाला निघालेला माणूस घरी एवढेच सांगतो, "हेड ऑफिसला जाऊन येतो." पण हेड ऑफिस मुंबईत नेमके कुठे आहे, तिथे साध्या खातेदारासाठी खिडकी आहे का, आणि आपले काम खरेच त्या इमारतीत होते का, याचा पत्ता गाडीत बसण्याआधी लागलेला असावा. संभाजीनगरला क्रांती चौकात उतरले की अदालत रोडपर्यंतच्या बँका एका रिक्षात उरकतात. मुंबईचे तसे नाही. तिथला बँकांचा इलाका तीन-चार ठिकाणी विखुरलेला आहे, आणि चुकीच्या ठिकाणी उतरलात तर दुपार तिथेच जाते.

सगळ्यात जुना भाग फोर्ट. इंग्रजांच्या किल्ल्याच्या भिंती १८६०च्या दशकात पाडल्या, नाव तेवढे उरले. टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली जमणाऱ्या दलालांनी १८७५ मध्ये शेअर बाजाराची संघटना उभी केली, तीच आजची बीएसई. रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये कलकत्त्यात सुरू झाली आणि १९३७ मध्ये तिचे मुख्य कार्यालय कायमचे मुंबईत आले, तेही फोर्टातच. पुढे समुद्रात भराव टाकून नरिमन पॉइंटचे मनोरे उभे राहिले. बेटाच्या टोकाला जागा संपली तेव्हा मिठी नदीकाठच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे बीकेसी, वसवायचे काम १९७७ मध्ये मुंबईच्या विकास प्राधिकरणाकडे, एमएमआरडीएकडे, दिले गेले. राष्ट्रीय शेअर बाजार (एनएसई), शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी, नाबार्ड आणि कितीतरी बँकांची मुख्यालये तिकडे गेली. म्हणून "शेअर बाजाराचे ऑफिस" म्हटले की फोर्टातली बीएसईची दलाल स्ट्रीट गाठणारा माणूस चुकू शकतो. त्याचे काम एनएसईकडे असेल तर त्याला पंधराहून जास्त किलोमीटर परत यावे लागते.

ही चूक टाळायची सोपी युक्ती म्हणजे पत्राच्या डोक्यावरचा पिनकोड वाचणे. ४००००१ किंवा ४०००२३ असेल तर फोर्ट, सीएसएमटीपासून चालत. ४०००२० चर्चगेट, ४०००२१ नरिमन पॉइंट, ४००००५ कुलाबा-कफ परेड. ४०००१३ म्हणजे लोअर परळ, जुन्या गिरण्यांच्या जागेवरचे मनोरे. ४०००५१ म्हणजे वांद्रे पूर्व, आणि बहुतेक वेळा बीकेसी. ४०००९८ हा कलिन्याच्या बाजूचा. ४०००८३ दिसला तर ते विक्रोळी. तिथे मोठ्या बँकेचे मुख्यालय नाही, पण जुन्या शेअर सर्टिफिकेटांची बरीच कामे तिथेच होतात, त्याचे पुढे येईलच. नुसते "मुंबई" लिहिलेल्या पत्त्यावर कधीच निघू नका.

जायचेच नाही अशी कामे

आमच्या मते मुंबईच्या दहापैकी सात-आठ खेपा वाचण्याजोग्या असतात. कारण मुख्यालय ही मोठी शाखा नसते. नरिमन पॉइंटच्या स्टेट बँक भवनात किंवा बीकेसीतल्या बँक ऑफ इंडियाच्या स्टार हाऊसमध्ये तुमचे खाते उघडून पाहणारा कारकून बसलेला नसतो. स्वागतकक्षात अर्ज घेतला तरी तो प्रधान कार्यालयातून झोनल कार्यालयाला, तिथून विभागीय कार्यालयाला आणि तिथून तुमच्याच शाखेला येतो. तुम्ही पोचण्याआधी कागद शाखेत पोचला तरी नवल नाही.

बँकेबद्दल तक्रार असेल तर क्रम असा. आधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घ्या. तोंडी सांगितलेले पुढे कुणी धरत नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. ही तक्रार फोर्टातल्या इमारतीत द्यायची नसते. ती सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर भरायची, नाहीतर कागदावर लिहून चंदीगडच्या केंद्राला पाठवायची: केंद्रीकृत प्राप्ती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. होय, चंदीगड. देशभरच्या कागदी तक्रारी तिथे उघडल्या जातात. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. फी लागत नाही. वकिलामार्फत केलेली तक्रार मात्र दाखल होत नाही, आणि तोच वाद आधीच कोर्टात असेल तर तीही फेटाळली जाते. सर्वात जास्त अर्ज अडतात ते एकाच कारणाने: आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा जोडलेला नसतो. ३० दिवस उलटले की रेंगाळू नका, मुदत उलटून गेली तर चांगली तक्रारही वाया जाते.

पीककर्ज मिळत नाही म्हणून नाबार्डच्या बीकेसीतल्या कार्यालयात जाणेही व्यर्थ. नाबार्ड १९८२ पासून बँकांना पुनर्वित्त देते, शेतकऱ्याला थेट कर्ज देत नाही. पीककर्जाची दाद जिल्ह्यातच लागते: शाखा व्यवस्थापक, मग अग्रणी बँकेचा जिल्हा व्यवस्थापक, ज्याला सगळे एलडीएम म्हणतात. या विषयाचा आढावा घेणाऱ्या जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, म्हणून अर्जाची एक प्रत त्यांच्या नावे द्या. शाखा ग्रामीण बँकेची असेल तर तिचे मुख्यालय मुंबईत नाहीच. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँकही महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली आणि राज्यभराच्या या एका बँकेचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे. बँक ऑफ महाराष्ट्रचे मुख्यालय पुण्यात, शिवाजीनगरच्या लोकमंगलमध्ये.

सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा स्कोअर, खराब दाखवतेय म्हणून लोअर परळला जाणारेही असतात. तिथे काउंटर नाही. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढा, चुकीची नोंद ओळखा आणि ऑनलाइन वाद नोंदवा. एजंटाला पैसे देऊन स्कोअर वाढत नाही. फेडलेले कर्ज अजून थकीत दिसत असेल तर बँकेचा 'नो ड्यूज' दाखला हाच खरा कागद. वाद ३० दिवसांत सुटला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, आणि तो माहीत असलेला ग्राहक क्वचितच सापडतो.

जप्तीची नोटीस

यात गेलेला वेळ परत मिळत नाही, म्हणून हा भाग नीट वाचा. घर किंवा दुकान तारण असलेले कर्ज थकले की बँक थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस देते. त्या नोटिसीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. पैसे भरले नाहीत तर कलम १३(४) खाली ताबा घेण्याची कारवाई होते. त्यानंतर तुमच्या हातात ४५ दिवस असतात. या दिवसांत कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो. नोटीस मुंबईच्या पत्त्यावरून आलेली असते म्हणून लोक तिकडे साहेबांना भेटायला धावतात, "बघतो" एवढे ऐकून परत येतात, आणि ४५ पैकी २० दिवस संपलेले असतात. मराठवाड्याचे कर्जवसुली न्यायाधिकरण संभाजीनगरातच आहे. साहेबांशी तडजोडीची बोलणी खुशाल चालू ठेवा, पण अर्जाची तारीख त्यासाठी थांबत नाही.

दुसरी गोष्ट: शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. कलम ३१ मध्ये ते स्पष्ट लिहिलेले आहे. गहाण ठेवलेल्या शेतावर सरफेसीची नोटीस आली असेल तर सातबारा घेऊन तेच पहिले उत्तर द्या. वसुलीचे इतर मार्ग बँकेला मोकळे राहतात, हे मात्र विसरू नका. शेतीच्या नावावर असलेल्या पण प्रत्यक्षात प्लॉटिंग केलेल्या जमिनीवर हा बचाव टिकेलच असे नाही.

पतसंस्थेत अडकलेल्या ठेवी

मराठवाड्यात हा प्रश्न घरोघरी आहे, आणि इथेच माणूस सगळ्यात जास्त चुकीच्या दारात जातो. रिझर्व्ह बँक पतसंस्थांवर देखरेख करत नाही. फोर्टात रांग लावून उपयोग नाही. कुठल्या दारात जायचे ते ठेव पावतीवर छापलेले असते. पावती उजेडात धरा आणि नोंदणीची ओळ वाचा.

त्यावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० असेल तर तालुक्याचे सहायक निबंधक आणि जिल्हा उपनिबंधक. बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम २००२ असेल, म्हणजे मल्टिस्टेट, तर दिल्लीचे केंद्रीय निबंधक, आणि २०२३च्या दुरुस्तीनंतर ठेवीदारांसाठी सहकार लोकपाल. नाव 'निधी लिमिटेड' असेल तर तो कंपनी कायद्याचा मामला, कंपनी निबंधकाचा. शाखेला टाळे लागलेले असेल, संचालक फरार असतील, तर या सगळ्यांच्या जोडीला पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा, आणि १९९९च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली, गुन्हा. गुन्हा आधीच दाखल असेल तर नवी फिर्याद देण्याऐवजी तपास अधिकाऱ्याकडे आपली पावती, पासबुक आणि आधारची प्रत देऊन ठेवीदारांच्या यादीत नाव घालून घ्या. मालमत्ता विकून पैसे आले की वाटप यादीवरूनच होते.

सहकारी बँक आणि पतसंस्था यांत फरक आहे, आणि तो पैशांत मोजता येतो. नागरी सहकारी बँक किंवा जिल्हा बँक असेल तर ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. हा आकडा ४ फेब्रुवारी २०२० पासूनचा, मुद्दल आणि व्याज धरून, त्या बँकेतल्या एका नावाच्या सर्व खात्यांना मिळून. पतसंस्थेला हा विमा नाही, पाटीवर काहीही लिहिलेले असो. रिझर्व्ह बँकेने बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध लादले तर ठेव विमा महामंडळाला ९० दिवसांत रक्कम द्यावी लागते. पहिल्या ४५ दिवसांत बँक ठेवीदारांची यादी पाठवते. त्या यादीत येण्यासाठी संमतीपत्र, ओळखपत्र आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील आपल्याच शाखेत द्यायचा असतो. या महामंडळाचे कार्यालय मुंबई सेंट्रल स्टेशनसमोर आहे, पण तिथे ठेवीदाराचा अर्ज थेट घेत नाहीत. शाखेत गर्दी आणि आरडाओरडा असला तरी फॉर्म तिथेच भरा. जे "बघू पुढं" म्हणून घरी बसतात त्यांचे पैसे मागे राहतात.

ट्रंकेत सापडलेले कागद

आजोबांच्या ट्रंकेत स्टेट बँक ऑफ हैदराबादचे पासबुक निघणे मराठवाड्यात नेहमीचे. ही बँक १९४१ मध्ये निजामाच्या काळात हैदराबाद स्टेट बँक म्हणून स्थापन झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. तेव्हा खाते त्याच गावच्या, आता एसबीआय झालेल्या शाखेत शोधा. ती शाखा बंद झाली असेल तर जवळच्या एसबीआयला विचारा की तिची खाती कुठे जोडली. देना बँक व विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक २०२० मध्ये युनियन बँकेत, सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियन बँकेत.

दहा वर्षे हात न लावलेल्या खात्याची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. ती बुडत नाही, मागता येते. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून अनेक बँकांत एकदम शोध घेता येतो. जुन्या नोंदीत नावाचे स्पेलिंग हमखास वेगळे असते, म्हणून दोन-तीन प्रकारे टाकून पाहा. दावा शाखेतच करायचा.

शेअर सर्टिफिकेट निघाले तर कंपनीच्या किंवा शेअर बाजाराच्या दारात जाऊ नका. कंपनीच्या शेअरांची नोंद ठेवणारा निबंधक, ज्याला आरटीए म्हणतात, तो शोधा. कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या पानावर त्याचे नाव असते. त्यांतला एक मोठा, एमयूएफजी इनटाइम (पूर्वीचा लिंक इनटाइम), विक्रोळी पश्चिमेला. दुसरा, केफिन, हैदराबादला, म्हणजे नांदेड-लातूरकरांना मुंबईहून जवळच. कागद स्पीड पोस्टानेही चालतात. रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळली आहे. आयएसआर-१ या अर्जात पॅन, पत्ता, बँक तपशील. आयएसआर-२ वर बँकेकडून सही प्रमाणित करून घ्यायची. वारस नेमायला एसएच-१३. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरची दुसऱ्याच्या नावे बदली होत नाही, त्यामुळे वारसाचे डिमॅट खाते आधी उघडलेले असावे. सात वर्षे लाभांश उचलला नसेल तर शेअरच सरकारच्या आयईपीएफ निधीत गेलेले असतात आणि आयईपीएफ-५ हा ऑनलाइन अर्ज भरून कागद कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवावे लागतात. इथे सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते सही जुळत नाही आणि नाव जुळत नाही म्हणून: सर्टिफिकेटवर 'विठ्ठलराव', आधारवर 'विठ्ठल'. दोन्ही नावे एकाच माणसाची, असे प्रतिज्ञापत्र पहिल्याच खेपेला जोडा.

ब्रोकर किंवा कंपनीबद्दल तक्रार असेल तर सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर. समोरच्याला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. बीकेसीतल्या सेबी भवनात चकरा मारून हे लवकर होत नाही.

जाण्यासारखे एक काम: नोटा

रिझर्व्ह बँकेत सामान्य माणसासाठी खरी खिडकी असते ती नोटांची. २,००० रुपयांच्या नोटा १९ मे २०२३ रोजी मागे घेतल्या, तरी त्या कायदेशीर चलन आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून त्या साध्या बँक शाखेत चालत नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या १९ निर्गम कार्यालयांत चालतात. मराठवाड्यात असे कार्यालय नाही. जवळची म्हणजे मुंबई, सीबीडी बेलापूर, नागपूर आणि हैदराबाद. एका वेळी २०,००० रुपयांपर्यंत बदलून मिळतात, त्याहून जास्त असतील तर खात्यात जमा करायच्या. मूळ ओळखपत्र, त्याची प्रत, खात्याचा पुरावा आणि ५०,००० च्या वर जमा करायचे असतील तर पॅन सोबत ठेवा.

दहा-बारा नोटांसाठी मुंबईचे भाडे घालू नका. याच नोटा कुठल्याही पोस्टातून विमा उतरवून निर्गम कार्यालयाला पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरचा अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि खात्याचा तपशील जोडला की रक्कम खात्यात येते. साध्या लिफाफ्यात मात्र घालू नका, आणि नोटांचे नंबर उतरून ठेवा. रांगेजवळ "कमिशनवर बदलून देतो" म्हणणारा भेटलाच तर त्याच्याकडे बघूही नका.

फाटक्या नोटांना तर मुंबई नकोच. कणगीत उंदराने कुरतडलेली किंवा खिशात धुतली गेलेली नोट कुठलीही बँक शाखा बदलून देते. ५० रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वात मोठा एकसंध तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, त्याखाली काही नाही. २० रुपयांपर्यंतच्या नोटेला निम्म्याहून जास्त भाग पुरतो. तुकडे चिकटपट्टीने जोडून नेऊ नका, मोजणी अवघड होते. जळून कोळसा झालेल्या, हात लावला की चुरा होणाऱ्या नोटा तेवढ्या निर्गम कार्यालयात न्याव्या लागतात. त्या डब्यात कापूस घालून, न हलवता न्या.

प्रत्यक्ष जाताना

वार नीट निवडा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. सोमवारी गर्दी, महिनाअखेर आणि ३१ मार्चच्या आसपास कुणाला वेळ नसतो. मंगळवार ते गुरुवार बरे.

सकाळी मुंबईत पोचवणारी गाडी हवी. देवगिरी आणि लातूर एक्सप्रेस रात्री निघून सकाळी सात-आठच्या सुमारास सीएसएमटीला येतात. वंदे भारत आकर्षक असली तरी नांदेडहून पहाटे निघून सीएसएमटीला दुपारी दोननंतर पोचते. म्हणजे मुक्काम आलाच. तपोवन तर रात्रीच पोचते.

फोर्टचे काम असेल तर सीएसएमटीवरून गाडी-घोडे काही नको. बाहेर पडा, जीपीओची घुमटाची इमारत उजवीकडे-डावीकडे शोधत बसण्याऐवजी कुणालाही विचारा, तिच्यापासून शहीद भगतसिंग मार्गाने दक्षिणेला दहा मिनिटांत टांकसाळ आणि रिझर्व्ह बँक. तसेच पुढे टाऊन हॉल आणि हॉर्निमन सर्कल. बीएसईचा मनोरा तिथून जवळ आहे, पण कामाशिवाय आत सोडत नाहीत. राज्य सहकारी बँकेचे मुख्यालयही फोर्टातच. दोन तास मोकळे असतील तर सर फिरोजशहा मेहता रोडवरच्या अमर बिल्डिंगमधले रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय बघण्यासारखे आहे. सोमवारी ते बंद.

फोर्टात रिक्षा चालत नाही. दक्षिण मुंबईत टॅक्सीच. नवखा माणूस हात दाखवत उभा राहतो आणि वेळ घालवतो. नरिमन पॉइंटला चर्चगेटहून चालत पंधरा मिनिटे, किंवा शेअर टॅक्सी.

बीकेसीला जाणे पूर्वी खरेच तापदायक होते: लोकलने वांद्रे किंवा कुर्ला, मग पूर्व की पश्चिम या घोळात रिक्षाची रांग. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि आता सीएसएमटीवरून थेट बीकेसी स्थानक. नरिमन पॉइंटसाठी तिचेच विधान भवन स्थानक. भुयारात मोबाइलची रेंज दगा देते, म्हणून पत्ता, भेटीची ईमेल आणि पासचा क्यूआर कोड यांचे स्क्रीनशॉट वर असतानाच काढा, जवळ थोडी रोकड ठेवा.

बीकेसीतला पत्ता रस्त्याच्या नावाने शोधू नका, ब्लॉक आणि भूखंडाने शोधा. नाबार्ड 'सी-२४, जी ब्लॉक', सेबी 'सी-४ए, जी ब्लॉक', एनएसई 'सी-१, जी ब्लॉक'. वित्तसंस्था बहुतेक जी ब्लॉकात, पण हा ब्लॉक केवढा तरी आहे. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या इमारती चालताना पंधरा मिनिटांच्या निघतात, आणि उन्हात रस्त्यावर सावली कमी. टपरीवरचा चहा शोधावा लागतो, इमारतीतले कँटीन बाहेरच्यांसाठी नसते. डबा घरून घ्या.

या इमारतींत अर्ज दाखवून आत जाता येत नाही. कुणाला भेटायचे त्याचे नाव, विभाग आणि ठरलेली वेळ लागते. स्वागतकक्ष त्याला फोन करतो, तो "हो" म्हणाला तरच पास. म्हणून दोन दिवस आधी ईमेल करून उत्तर हातात ठेवा. "साहेबांना ओळखतो" इथे चालत नाही. मूळ ओळखपत्र विसरलात तर गेटवरूनच परत.

कागदांचे दोन संच करा, एक द्यायचा आणि एक आवक शिक्क्यासाठी. भेट झाली नाही तरी टपाल विभागात अर्ज देऊन आवक क्रमांक घ्या. एवढे केले तरी खेप वाया जात नाही. टपाल खिडकी अनेक ठिकाणी चार-साडेचारला बंद होते, जेवणाची सुट्टी वेगळी. मूळ सर्टिफिकेट, मूळ ठेव पावती पोचपावतीशिवाय कुणाच्याही हातात देऊ नका, तो कितीही सज्जन दिसला तरी.

परतीची देवगिरी आणि लातूर एक्सप्रेस रात्री सीएसएमटीहूनच सुटतात. बीकेसीतून पाचला सुटलात तर लोकलची गर्दी ऐन भरात असते, पिशवी घेऊन तीत शिरू नका, मेट्रोने सीएसएमटी गाठा. दादरहून चढायचे असेल आणि गाडी तिथे थांबत असेल तर बोर्डिंग आदल्या दिवशीच बदलून घ्या, नाहीतर सीएसएमटीला न दिसलेल्या प्रवाशाची बर्थ टीसी दुसऱ्याला देऊन मोकळा होतो.